बंटीचे सेफ्टी ऑफिसर

रोज सकाळी साडेसहाला आमच्या फाटकात एक सभा भरायची. वक्ते आमचे घरमालक आणि श्रोता त्यांचं कुत्रं. घरमालक पाठीमागे हात बांधून, घसा साफ करून कुत्र्याला सांगायचे की आज रस्त्यावर काय काय धोके आहेत. कोपऱ्यावरच्या गटाराचं झाकण उघडं आहे. तिसऱ्या बंगल्यातली मांजर व्याली आहे, तिच्या वाटेला जायचं नाही. काल कुणीतरी रस्त्यात खडी टाकली आहे. "वळणावर थांबायचं, माझ्याकडे बघायचं, मगच पाऊल टाकायचं," असं सांगून ते उत्तराची वाट बघत असल्यासारखे क्षणभर गप्प उभे राहायचे. कुत्रं तेवढ्यात फाटकाच्या खांबावर तंगडी वर करून मोकळं व्हायचं. हीच पोच समजून दोघं बाहेर पडायचे.

मी त्यांच्या वरच्या मजल्यावर चार वर्षं भाड्यानं राहिले. नांदेडकडून बदली होऊन कोल्हापुरात आले होते, ज्युनिअर कॉलेजात मराठी शिकवत होते. रंकाळ्याच्या अलीकडचं त्यांचं घर मला पहिल्या दिवशीच आवडलं. घरमालकांना मी काका म्हणायचे, त्यांच्या बायकोला काकू. काका मला मॅडम म्हणायचे आणि आदरानं म्हणायचे, कारण भाडेकरूंशी त्यांचं बोलणं बहुतेक सूचनांचं असे आणि सूचना आदरानं केली की ऐकणाऱ्याला वाद घालता येत नाही, असा त्यांचा अनुभव होता.

काका कागलच्या पंचतारांकित एमआयडीसीत, ट्रॅक्टरचे सुटे भाग बनवणाऱ्या एका कारखान्यात तीस वर्षं सेफ्टी ऑफिसर होते. पाळी सुरू होताना कामगारांना गोळा करून धोके समजावून सांगायचे, हे त्यांचं काम. कामगार तंबाखू मळत ऐकायचे आणि ते आले की एकमेकांना "हेल्मेट आलं" म्हणून खुणवायचे. हे मला काकूंनीच सांगितलं, आणि सांगताना त्यांना लपवता न येणारं हसू आलं होतं. निवृत्त झाल्यावर माणसं नातवंडं सांभाळतात, देवदेव करतात, नाहीतर सोसायटीच्या निवडणुकीला उभी राहतात. काकांकडे सुरक्षिततेचा तीस वर्षांचा साठा तसाच पडून होता, कारण कारखान्यात तो कुणी उचललाच नव्हता. तो सगळा त्यांनी एका कुत्र्यावर ओतला.

कुत्रं साधंसुधं नव्हतं. काकूंचं माहेर शिरोळचं. त्यांच्या भावानं तिथून ते पिल्लू असताना आणून दिलं होतं. कारवान जातीचं शिकारी कुत्रं. लांबुडकं तोंड, पाठीला लागलेलं पोट, काटक्यांसारखे पाय. हे कुत्रं उभं असलं तरी पळत असल्यासारखं दिसतं. भावानं त्याचं नाव ठेवलं होतं बाण. काकांनी ते पहिल्या दिवशीच बदललं. रस्त्यात आपण बाण म्हणून ओरडलो आणि कुणी दचकून गाडीवरून पडलं तर जबाबदारी कुणाची, असा त्यांचा मुद्दा होता. म्हणून बाणाचा बंटी झाला.

बंटी बाहेर पडायचा तेव्हा त्याच्यातलं कुत्रं फार थोडं दिसायचं. गळ्यात गोचीड न येण्याचा पट्टा. छातीपोटावरून आवळलेलं हार्नेस. त्यावर गाडीच्या उजेडात चमकणाऱ्या पट्ट्यांचं पोपटी जॅकेट. जॅकेटच्या खिशात, कुत्रं कुठं आहे ते मोबाईलवर दाखवणारं जीपीएसचं यंत्र. हार्नेसला एक दोर हातात धरायला आणि दुसरा काकांच्या कमरेच्या पट्ट्याला अडकवलेला, म्हणजे एक सुटला तरी दुसरा आहे. आणि चार पायांत चार रबरी बूट. चारही बुटांवर काकांनी पक्क्या शाईनं स्वतःचा मोबाईल नंबर लिहिला होता. बुटांमुळं बंटी तापल्या तव्यावरून चालल्यासारखा एकेक पाय झटकत चालायचा. काका म्हणायचे, सवय होईल. चार वर्षांत झाली नाही.

हे सगळं सामान पार्सलनं यायचं. दर आठवड्याला एक तरी खोकं. उन्हाळ्यात पंजांना लावायचं मलम, पावसाळ्यात टोपीचा रेनकोट, घडी होणारी पाण्याची वाटी. एकदा कुत्र्याचं लाइफ जॅकेट आलं. बंटीला आंघोळीच्या पाण्याचीसुद्धा भीती. पण रंकाळ्याच्या कडेनं फिरायचं तर शेजारी पाणी आहे, हे काकांच्या लेखी पुरेसं होतं. त्या रविवारी त्यांनी केशरी लाइफ जॅकेट घातलेलं कुत्रं कोरड्या फरशीवरून फिरवलं. फिरायला आलेल्या एकानं थांबून गंभीरपणे विचारलं, "पावणं, पूर यायचाय व्हय?" काकांनी तितक्याच गंभीरपणे उत्तर दिलं की पूर सांगून येत नाही.

तसं त्यांच्याकडे प्रत्येक गोष्टीला एक वाक्य होतं. अपघात होत नसतो, केला जातो. नशीब हे कारण नव्हे, सबब आहे. जो सावध तो साबूत. हे शेवटचं त्यांनी स्वतः रचलेलं होतं आणि कारखान्यात भिंतीवर रंगवून घेतलं होतं. ज्या भिंतीवर ते होतं तिच्याजवळच कामगारांचा बूट काढून बसायचा कट्टा होता, असंही काकूंनीच सांगितलं.

त्यांची एक वहीसुद्धा होती. कारखान्यात अपघात होता होता टळला तर तोही नोंदवायचा असतो. काकांनी बंटीसाठी तशी वही केली होती आणि मला एकदा अभिमानानं दाखवली. "सकाळी ७.१०. म्हशीकडून बंटीकडे रोखून पाहण्यात आले. अंतर वाढवण्यात आले." "७.२५. वाढदिवसाच्या फलकाची दोरी लोंबकळत असल्याचे आढळले. मार्ग बदलण्यात आला." तिसऱ्या पानावर मी होते. "भाडेकरू मॅडमच्या स्कूटरचा स्टँड मोठ्याने वाजला. बंटी दचकला. समज देण्यात आली." समज दिल्याचं मला आठवत नव्हतं. मग लक्षात आलं, त्या दिवशी ते मला म्हणाले होते की मॅडम, स्टँडला थोडं तेल घाला. मी मराठीची शिक्षिका. वही वाचताना माझ्या मनात एवढंच आलं की या माणसाच्या भाषेत कुणीच काही करत नाही, सगळं आपोआप करण्यात येतं.

माणसांच्या बाबतीत त्यांची सावधगिरी वेगळ्या प्रकारची होती. माझ्या मजल्यावर जायचा जिना बाहेरून होता, सिमेंटचा, उभा, आणि त्याला कठडा नव्हता. पावसाळ्यात तो शेवाळायचा. मी आल्यापासून कठडा मागत होते. दुसऱ्या पावसाळ्यात पाय घसरून मी चार पायऱ्या बसत आले, तेव्हा काकांनी तातडीनं कारवाई केली. संध्याकाळी भिंतीवर पाटी लागली: "जिना जपून उतरावा. वापरणाऱ्याने स्वतःची काळजी घ्यावी." मी म्हटलं, काका, पाटीला धरता येत नाही. ते म्हणाले, सूचना दिलेली असली की पुढचं वागणं माणसाच्या हातात असतं.

काकू रोज सकाळी गुडघे धरत भाजीला जायच्या. रिक्षा, केएमटीच्या बस, दूधवाल्यांच्या मोटारसायकली, सगळ्यांतून रस्ता ओलांडून. काका पेपरातून मान वर न करता म्हणायचे, छत्री घे. एकदा त्या पिशवी घेऊन निघाल्या आणि मला जिन्याखाली भेटल्या. आत बंटीला बूट चढवणं चाललं होतं. काकू म्हणाल्या, "एक पट्टा मीबी बांधून घेते म्हणते गळ्यात. निदान कुठं पडले ते तरी मोबाईलवर कळंल."

वर्षातून एकदोनदा शिरोळहून काकूंचा भाऊ यायचा. ऊस, म्हशी आणि दर दोन-तीन पावसाळ्यांत दारापर्यंत येणारी कृष्णा, अशा संसारातला माणूस. पहिल्यांदा त्यानं बंटीला पूर्ण पोशाखात पाहिलं तेव्हा तो ओसरीवर चहा पीत होता. त्यानं कप खाली ठेवला. मग म्हणाला, "दाजी, ह्याच्या बापानं आमच्या फडात रानडुक्कर अंगावर घेतलंतं." काका म्हणाले, घेतलं असेल, त्याला कुणी सुरक्षिततेचं शिक्षण दिलं नसेल. भावानं सुचवलं की सुटीत आठ दिवस कुत्रं रानात सोडा, त्याला पळायला मिळंल. काकांनी बोटांवर धोके मोजले. साप, विहीर, काटे, ट्रॅक्टर, फवारणीचं औषध, विजेची उघडी तार. भाऊ शेवटपर्यंत ऐकून म्हणाला, "मग दाजी, आमी तिथं कसं ऱ्हातोय?" जाताना भावानं हार्नेसमध्ये बोट घालून बघितलं आणि सांगितलं की या जातीच्या कुत्र्याचं डोकं मानेपेक्षा बारीक असतं, मागं सरकलं की सगळं डोक्यावरून निघून येईल. काका हसले. हार्नेस परदेशी मापाचं होतं, आणि खोक्यावर तसं काही लिहिलेलं नव्हतं.

तसंच झालं. तिसऱ्या वर्षीच्या हिवाळ्यातल्या एका रविवारी सकाळी रंकाळ्याच्या वाटेवर एक मुंगूस आडवं गेलं. बंटी आधी मागं सरकला. हार्नेस, जॅकेट, जीपीएस, दोन्ही दोर आणि गोचिडीचा पट्टा हे सगळं डोक्यावरून एकत्र निघून काकांच्या कमरेला लोंबू लागलं. मग तो पुढं पळाला. इतक्या वर्षांत पहिल्यांदाच तो काय जातीचा आहे ते कोल्हापूरला दिसलं असं त्या वेळी तिथं असलेले लोक नंतर सांगत होते. बूट एकेक करून सुटू लागले. काका मागे धावले, कमरेचं लोंबणारं सामान पायांत आलं म्हणून त्यांनी ते सोडून रस्त्यात टाकलं आणि पुन्हा धावले. वळणावर पोहोचेपर्यंत बंटी दिसेनासा झाला होता.

ते घरी आले ते धापा टाकत, आणि सरळ माझा जिना चढून वर आले. त्यांना दुचाकी चालवता येत नव्हती. दुचाकी हे वाहन नसून अपघाताची संधी आहे, असं त्यांचं एक वाक्य होतं. स्कूटर काढा, म्हणाले. माझ्या टेबलावरची किल्ली त्यांनी स्वतःच उचलली. त्या वेळी मला हसू आलं नाही, हे मुद्दाम सांगते. पण ते थोडाच वेळ टिकलं, कारण काकांनी मोबाईल काढला आणि त्यांचा चेहरा उजळला. नकाशावर बंटीचा ठिपका दिसत होता. ठिपका संथपणे बावड्याच्या रस्त्याला लागला होता आणि मधून मधून थांबत होता.

"शिस्तीत चाललाय," काका मागच्या सीटवरून म्हणाले. "प्रत्येक वळणावर थांबतोय, बघा. शिकवलेलं विसरला नाही."

जॅकेट आपणच रस्त्यात टाकलं होतं आणि यंत्र त्या जॅकेटमध्ये होतं, हे त्यांच्या लक्षात नव्हतं. मी पाहिलेलं नसल्यामुळं मलाही माहीत नव्हतं. आम्ही ठिपक्याच्या मागे निम्मं गाव पालथं घातलं आणि शेवटी ठिपका सापडला. ती महापालिकेची घंटागाडी होती. काकांनी ती आडवं उभं राहून थांबवली आणि गाडीवाल्याला सांगितलं की तुमच्या गाडीत आमचं कुत्रं आहे. गाडीवाला म्हणाला, कुत्रं न्हाय, कचरा हाय. काकांनी मोबाईल पुढं केला. मोबाईल दाखवतोय म्हणजे आहे. गाडीवाल्यानं मोबाईलकडे बघितलं, गाडीकडे बघितलं, आणि म्हणाला, "पावणं, मोबाईलला दिसतंय न्हवं? मग मोबाईललाच सांगा की हाक मारायला."

काकांनी खिशातून रबरी हातमोजे काढले. ते नेहमी जवळ असत. ते त्यांनी मला दिले. मी ते त्यांना परत दिले. मग सेफ्टी ऑफिसरांनी स्वतः घंटागाडीच्या मागे उभं राहून ओला कचरा आणि सुका कचरा, असे दोन्ही कप्पे उपसले आणि तळातून पोपटी जॅकेट बाहेर काढलं. ते धरून ते रस्त्याच्या कडेला बसले. केळीची साल अजून त्याला चिकटलेली होती. त्यांना सगळं आठवलं होतं.

अकरा वाजता त्यांचा फोन वाजला. एका रिंगमध्ये उचलला. पलीकडून कुणीतरी सांगितलं की तुमचं कुत्रं माझ्या गोठ्यात आहे, आणि गंगावेशीच्या मागच्या बोळाचा पत्ता दिला.

गोठा लहान होता, चार म्हशींचा. या म्हशी संध्याकाळी दूधकट्ट्यावर उभ्या राहतात आणि लोक समोर धार काढून घेऊन ताजं दूध पितात. बंटी पोत्यावर बसला होता, मागच्या एका पायात एकच बूट. समोर दुधाची वाटी होती आणि तो ती पुन्हा पुन्हा चाटत होता. गळ्यात सुती दोरीचा साधा फास होता, ओढला की आवळणारा. तो कुठूनही निघून येणार नव्हता.

एक माणूस म्हशीखाली बसून धार काढत होता. चाळिशीपुढचा. त्यानं वर बघितलं, पण उठला नाही.

"बुटावर नंबर दिसला," तो म्हणाला. "वळखला लगेच. पाठच हाय."

काकांनी विचारलं, कसा काय पाठ? त्यानं उजवा हात वर केला. तीन बोटं नव्हती. अंगठा आणि करंगळी तेवढी होती. एवढा वेळ तो डाव्या हातानं धार काढत होता आणि उजव्या अंगठ्यानं सड दाबत होता, हे मला तेव्हा दिसलं. काका त्या हाताकडे बघत राहिले. मग म्हणाले, "आनंदा?"

"व्हय," तो म्हणाला. "प्रेस शॉप."

प्रेस शॉपमध्ये एक फलक होता, आनंदानं मला सांगितलं. काकांशी बोलायचं होतं तरी तो सांगत होता माझ्याकडे बघून. अपघात झाल्यास त्वरित संपर्क साधा, आणि खाली हा नंबर. हात गेल्यावर त्यानं तो पाठ केला होता. पत्रा दाबायच्या मशीनपुढे, हात आत जाऊ नये म्हणून लोखंडी जाळी बसवलेली असते. जाळीमुळं काम सावकाश होतं म्हणून ती आठ दिवस काढून ठेवलेली होती. सगळ्यांना माहीत होतं. नवव्या दिवशी हात गेला. आणि कारखान्याच्या अहवालात लिहून आलं की कामगाराला कामावर डुलकी लागल्यामुळं अपघात झाला. खाली सेफ्टी ऑफिसरची सही. आनंदाला कामावरून काढलं.

"सा म्हैनं हा नंबर लावत व्हतो, सायेब," आता तो काकांना म्हणाला. "उचलला न्हाईसा. आज कुत्र्यासाठी लावला, तर एका रिंगमधी उचललासा."

काका म्हणाले की प्रकरण तेव्हा वरिष्ठ पातळीवर गेलं होतं. वरिष्ठ पातळी म्हणताना त्यांनी हातानं वर दाखवलं. तिथं पत्र्याचं छत होतं आणि एक चिमणी होती.

आनंदानं वाद घातला नाही. तो म्हणाला की त्याला काही नको आहे. म्हशी आहेत, भागतं. पण घरात अजून तो डुलकीवाला आहे. सासुरवाडीला गेला की तिथंही. "बायकोबी म्हणती, सायबानं लिवलंय म्हंजे डुलकी लागलीच असणार तुला. एवढंच लिवून द्या, मी झोपलो नव्हतो. तिला दाखवतो."

काका म्हणाले, बघतो. विचार करून कळवतो. आणि आनंदानं दिलेल्या दोरीनं बंटीला रिक्षात घालून घरी घेऊन आले.

पुढं काय झालं ते मी वरच्या मजल्यावरून पाहिलं आहे, म्हणून सांगते. त्या आठवड्यात चार पार्सलं आली. गळ्यातच बसणारं नवं जीपीएस. डोक्यावरून न निघणारं, तीन ठिकाणी आवळायचं हार्नेस. कमरेचा जास्त रुंद पट्टा. चौथं काय होतं आठवत नाही. सकाळची सभा पुन्हा सुरू झाली आणि आता मुंगसावरही बोलणं होऊ लागलं. आनंदाचा विषय काकांनी काढला नाही.

मी तो काकूंपाशी काढला. सगळं सांगितलं. त्या कणीक मळत होत्या. ऐकून घेतलं आणि हात धुतले. त्या दिवसापासून दुपारी जेवायला वाढताना, दुसरी भाकरी ताटात टाकताना, त्या एकच प्रश्न विचारायच्या. "त्या माणसाचं लिहून झालं?" खिडकीतून मला ऐकू यायचं. काका म्हणायचे, त्यात कायदेशीर बाजू असते. काकू भात वाढायच्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा तोच प्रश्न, तीच भाकरी. भांडण नाही, आवाज चढवणं नाही. असं आठवडाभर चाललं.

आठवड्यानंतर काका एका हातानं भिंत चाचपत माझा जिना चढून आले. दुसऱ्या हातात कागद होता. जरा भाषा बघून द्या, म्हणाले. मी वाचला. "सदर दिवशी सदर यंत्रावरील संरक्षक जाळी काढण्यात आलेली होती. ही बाब निदर्शनास आलेली होती. तथापि योग्य ती कार्यवाही होऊ शकली नाही."

मी विचारलं, जाळी कुणी काढली? ते म्हणाले, उत्पादन विभागाच्या प्रमुखांनी. मग तसं लिहा, मी म्हटलं. आणि निदर्शनास कुणाच्या आली? यावर ते म्हणाले की अहवाल असाच लिहायचा असतो. मी म्हटलं की हा अहवाल नाही. मुलांना मी दर वर्षी प्रयोग शिकवते, आणि वाक्यातला कर्ता शोधा म्हणते. तुमच्या कागदात तीन वाक्यं आहेत आणि कर्ता एकही नाही. काका कागद घेऊन खाली गेले. मला वाटलं, आता जिन्यावर आणखी एक पाटी लागणार.

दोन दिवसांनी दुसरा कागद आला. त्यात उत्पादन विभागाचे प्रमुख आले होते. निदर्शनास मात्र अजूनही कुणाच्याच आलेलं नव्हतं. मी त्या शब्दाखाली लाल रेघ मारून कागद परत दिला. खरं तर मला तेव्हा मजा येत होती, तीही थोडी वाईट प्रकारची. जिन्याचे चार धक्के मी विसरले नव्हते.

तिसऱ्या कागदावर फक्त चार ओळी होत्या. शेवटच्या दोन अशा: "जाळी काढलेली आहे हे मला आठ दिवसांपासून माहीत होते. आनंदा जागा होता." खाली सही. अक्षर वहीतल्यापेक्षा वाईट होतं.

"शुद्धलेखन?" त्यांनी विचारलं.

"बरोबर आहे," मी म्हटलं.

कागद भिजू नये म्हणून त्यांनी तो प्लास्टिकच्या पाकिटात घातला, ते पाकीट दुसऱ्या पाकिटात, आणि माझ्या स्कूटरवर मागे बसले. बंटीलाही घ्यायचं होतं, म्हणून तो आमच्या दोघांच्या मध्ये बसला, नव्या हार्नेसमध्ये, तीन ठिकाणी आवळलेला. काकांनी त्याला दोन्ही हातांनी धरलं होतं. स्वतः कशालाच धरलं नव्हतं.

गोठ्यात आनंदा वैरण टाकत होता. त्यानं हात पुसले, दोन्ही पाकिटांतून कागद बाहेर काढला, पण वाचला नाही. घराच्या दाराकडे बघून बायकोला हाक मारली. ती पदराला हात पुसत बाहेर आली. आनंदानं कागद तिच्या हातात दिला आणि म्हणाला, "तूच वाच. मोठ्यानं."

तिनं वाचला. जोडाक्षरांना थोडी अडत होती, पण सगळा वाचला. शेवटच्या ओळीला आली तेव्हा आवाज बारीक झाला. मग तिनं तो पुन्हा एकदा मनातल्या मनात वाचला, नवऱ्याकडे बघितलं आणि बराच वेळ बघत राहिली. आनंदा वैरणीच्या काड्या वेचत होता.

मग ती काकांकडे वळली. "तवा का न्हाई लिवलंसा हे?"

मला वाटलं, आता काकांचं एखादं वाक्य येणार. आलं नाही.

"नोकरीची भीती वाटली," ते म्हणाले.

"आणि आता?"

"आता रिटायर झालोय."

कागदाची नीट घडी घालून तिनं तो ब्लाउजमध्ये ठेवला आणि आत गेली. आतून स्टोव्हचा, भांड्यांचा आवाज येत राहिला. काका बंटीचा दोर धरून म्हशींच्या मधल्या जागेत उभे होते. बसा असं त्यांना कुणी म्हटलं नाही, आणि जा असंही नाही.

थोड्या वेळानं ती चहा घेऊन बाहेर आली. ताटलीत दोन कप होते. एक तिनं मला दिला. दुसरा आनंदाच्या डाव्या हातात दिला, आणि तो पिऊन होईपर्यंत त्याच्या शेजारी उभी राहिली.